एक ठोका धर, दोन ठोके सोड

माझे वडील तुळशीदास घाडी गिरणीत जॉबर होते असं सांगितलं की समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि विचारतो, "संपात गेले का हो?" जसा काही संप म्हणजे पटकीची साथ होती. माझं डोकं तिथेच फिरतं. ते संपात गेले नाहीत. संपावर गेले, स्वतःच्या पायांनी, आणि त्यानंतर चांगली बारा-तेरा वर्षं जगले. काळाचौकीच्या आमच्या खोलीत, एकाच पलंगावर, फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून. बिचारे वगैरे तर मुळीच नव्हते. हट्टी होते, तापट होते, चहात साखर कमी पडली की न बोलता कप परत सरकवायचे. आणि त्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाशी त्यानंतर मरेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. ही हकिगत सांगायची तर मध्ये अमेरिकेचं अवकाशयान आणावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

भिंतीपलीकडे धर्मा मेस्त्री, म्हणजे माझे धर्माकाका, आणि त्यांची बायको गुणवंतीकाकी. बाबा आणि काका मालवणाकडच्या एकाच वाडीतले. एकाच वर्षी मुंबईत आले, एकाच गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे माग चालतात त्या खात्यात लागले. बाबांकडे साचे दुरुस्त करून चालते ठेवण्याचं काम, काकांकडे साच्यांवर बीम चढवण्याचं. बीम म्हणजे सुताने भरलेला मोठा लोखंडी रूळ, पिंपाएवढा जाड. तो चढवायला दोन माणसं लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मध्ये सूत असल्यामुळे एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही, आणि खात्यात साचे असे धडधडत असतात की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून या दोघांनी आपली स्वतःची सोय केली होती. लोखंडावर पान्याने ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे धर. दोन ठोके म्हणजे सोड. ठोका कानाला नाही, तळहाताला कळायचा.

हीच सवय घरी आली. पाळीला निघताना बाबा मधल्या फळीवर एक ठोका द्यायचे, म्हणजे थांब, मी येतोय. तिकडून दोन आले की समजायचं, तू पुढे हो. आईला या प्रकाराचा भारी वैताग यायचा. "हातभर लांब दार आहे, तोंडाने हाक मारायला काय होतं?" ती म्हणायची. माझी आई शांता गिरगावात वाढलेली, तिला मालवणी बोलता येत नव्हतं आणि ठोके तर त्याहून नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. दोघंही बाहेर पडले. पहिले सहा महिने आमच्या चाळीत नुसता उत्साह होता, मोर्चे, सभा, गावाहून आलेले तांदूळ वाटून खाणं. मग उत्साह गेला आणि वाट बघणं उरलं. कित्येक गडी वळकटी बांधून गावी गेले. "संप मिटल्यावर येतो," म्हणून गेले. त्र्याऐंशीच्या पावसाच्या तोंडाशी काही गिरण्यांचे साचे थोडे थोडे चालू झाले, आणि एक दिवस धर्माकाका आमच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले.

"तुळशी, मी उद्यापासून आत जातंय."

बाबा पलंगावर बसले होते. त्यांनी विचारलं, "घरात काय नाय म्हणान?"

"तसा नाय रे. बसान बसान माझे हात मेले. झोप येणा नाय."

हे उत्तर चाळीत कोणाला पटलं नाही. पोट भरत नव्हतं म्हणून गेला असता तर लोकांनी शिव्या देऊन का होईना समजून घेतलं असतं. पण हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून माणूस संप मोडतो? मलाही तेव्हा काकांचा संताप आला होता, आणि संप बरोबरच होता असं मी आजही म्हणते. बाबा मात्र ओरडले नाहीत. ते म्हणाले, "जा. संप मिटलो असा जाहीर झाला काय मगे बोलूया. तवसर तुझ्यात नि माझ्यात शब्द नाय."

काका मान हलवून गेले. दोघांनाही वाटलं असणार, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. संप म्हटला की तो कधीतरी मिटतोच, मिटला की कोणीतरी तसं सांगतोच. यात चूक काय होती? मला तरी अजून सापडलेली नाही.

चाळीने काकांवर बहिष्कार टाकला. नळावर गुणवंतीकाकीची कळशी कोणीतरी बाजूला सरकवायचं. त्यात कोपऱ्यातल्या खोलीतली राधाबाई पुढे असायची. तिचा मुलगा शिवा संपामुळे गावी गेला होता, त्यामुळे तिचा राग खरा होता, तिला मी काही म्हणणार नाही. पण तात्या! तात्या म्हणजे आमच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. नाक्यावर त्यांचं किराणा दुकान. गिरणीत एक दिवस काम केलेलं नाही, पण बहिष्काराची घोषणा करायला सगळ्यांच्या पुढे. "संप फोडणाऱ्याची सावली मंडपावर पडू देणार नाही," असं त्यांनी फळ्यावर लिहून लावलं होतं. आणि त्याच मंडपाच्या कमानीसाठी त्यांनी देणगी कोणाकडून घेतली? बाबांच्याच गिरणीच्या मॅनेजरकडून. कमानीवर गिरणीचं नाव, ठळक अक्षरांत, लाल रंगात. बीम चढवणारा चालत नाही, दाराला कुलूप लावणारा चालतो. हे मी तात्यांना तोंडावर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोरी, उत्सव वेगळा, संप वेगळा." मग काकीची कळशी कुठल्या खात्यात बसते?

आमच्या मंडळाचा हलता देखावा दरवर्षी बाबा आणि धर्माकाका मिळून करायचे. गिरणीच्या भंगारातल्या कप्प्या, जुने पट्टे, मोडक्या बॉबिना यांतून त्यांनी एकदा समुद्रमंथन हलवलं होतं. त्र्याऐंशी साली तात्यांनी विषय काढला अवकाशयानाचा. ऑगस्टच्या शेवटी आपला इन्सॅट उपग्रह पोटात घालून अमेरिकेचं शटल उडालं होतं. पेपरात रोज बातम्या येत होत्या. शटल हा शब्द साचेखात्यातल्या माणसांना शिकवायची गरज नव्हती, तिथे शटल म्हणजे धोटा रोज धाग्यांतून पळायचा, त्यामुळे गडी खूश होते. बाबांनी खोक्यांच्या प्लायवुडचं यान बनवलं, बॉबिनांची चाकं लावली. वर जाऊन उपग्रह सोडण्याचा भाग झाला. ते खाली उतरण्याचा भाग तात्यांनी अडवला.

"ते खरंच सुखरूप उतरू दे, मग लावा," तात्या म्हणाले. "गेल्या वर्षीचा उपग्रह वर जाऊन मेला. हेही काही झालं तर गणपतीसमोर काय अपघात मांडायचा?"

गणपती अगदी तोंडावर आलेले. बाबांनी यान उतरवण्यासाठी जुन्या टेबलफॅनची मोटर बसवून ठेवली होती, ती तशीच लटकत होती. पेपरात छापून आलं होतं की सोमवारी, आपल्या दुपारी एकच्या सुमारास, यान अमेरिकेतल्या वाळवंटात उतरणार. दुसऱ्या दिवशीच्या पेपरासाठी थांबायचं तर आणखी एक दिवस वाया. तिथलं स्टेशन लागेल असा रेडिओ अख्ख्या मजल्यावर एकाकडेच होता. काकीचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने आणून दिलेला. म्हणजे धर्माकाकांकडे.

सोमवारी जेवणं उरकल्यावर बाबा मला म्हणाले, "पदू, तू जा. तुझ्यावर काय बंदी नाय. इंग्रजी तुका कळता. आयकत जा आणि मोठ्यान सांगत जा."

"तुम्हीच चला की."

"मी हय फळीक टेकान बसतंय."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. गेले. काकांची दुसरी पाळी होती, तीनच्या आत पोलिसांच्या गाडीतून जायचं, म्हणून ते घरीच होते. त्यांनी पाट पुसून दिला, रेडिओ माझ्यासमोर ठेवला, आणि स्वतः खुंटी फिरवत बसले. खरखर, मग चिनी गाणं, मग पुन्हा खरखर, आणि एकदम स्वच्छ आवाजात एक माणूस इंग्रजीत बोलू लागला. आमच्या दारासमोर गॅलरीत निम्मी चाळ गोळा झाली होती. काकांच्या दारासमोर एक माणूस नव्हता. मधे दोन हातांचं अंतर, तेवढं सगळ्यांनी निगुतीने मोकळं ठेवलं होतं.

"यान परत फिरलंय," मी फळीकडे तोंड करून ओरडले. "समुद्रावरून येतंय."

"माणसा किती?" बाबांचा आवाज आला.

"पाच."

"रात्र असा ना थय?" हे काकांनी विचारलं, मला.

"होय, तिकडे रात्र आहे. अंधारात पहिल्यांदाच उतरवतायत, असं म्हणतोय."

मग मधे बराच वेळ काही नाही. बोलणारा सांगत होता की यान हवेत शिरलं की तापतं, तेव्हा आतल्या माणसांशी बोलणं तुटतं. मी तसं सांगितलं. गॅलरीत कोणीतरी 'अरे देवा' म्हटलं. काकांचा हात खुंटीवरच होता, स्टेशन हलू नये म्हणून. काकीने पुढे केलेलं पाणी घ्यायलाही त्यांनी तो काढला नाही. या माणसाचा त्या पाच जणांशी काय संबंध, असा विचार माझ्या मनात आला. आणि मग लक्षात आलं, की तीन महिन्यांनंतर प्रथमच या घरात आणि आमच्या घरात एकाच वेळी एकाच गोष्टीची वाट बघणं चालू आहे.

बोलणं पुन्हा जुळलं. मी सांगितलं. मग तो माणूस जे बोलला ते मी दोनदा ऐकलं, कारण माझाच विश्वास बसेना.

"इंजिन बंद आहे म्हणतोय. ते इंजिनाशिवायच उतरतं. नुसतं तरंगत. एकदाच. चुकलं तर पुन्हा वर घेता येत नाही."

गॅलरीतली माणसं आमच्या दारात दाटली. वीस महिने बंद साचे, बंद फाटकं, बंद भोंगे बघितलेली माणसं ती. बंद या शब्दाचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. बाबा म्हणाले, "मगे पडला ता," आणि आईने कपाळाला हात लावला.

"धावपट्टीवर दिवे लावलेत," मी म्हणाले. "मोठमोठे. सगळी तयारी आहे. हजारो माणसं थांबलीत." आणि तेवढ्यात रेडिओतून दोन दणके आले, एकामागोमाग एक. रेडिओ खुंटीसकट हादरल्यासारखा झाला.

"काय झाला?" बाबा.

"दोन धमाके झाले!"

बाहेर एकच गलका. फुटलं, फुटलं, असं कोणीतरी जिन्यापर्यंत ओरडत गेलं. तात्यांचा आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं? उतरवायचा भाग रद्द!" काकीने रेडिओसमोर हात जोडले. मी रडायच्या बेताला आले होते. काकांनी मात्र मला गप्प राहण्याची खूण केली आणि रेडिओवर तळहात ठेवला. तेवढ्यात तो बोलणारा पुन्हा सुरू झाला, अगदी शांतपणे. ते धमाके यान आवाजापेक्षा वेगाने आल्याचे होते, दर वेळी होतात. मग त्याने उंची सांगितली, पुन्हा कमी उंची सांगितली, मग चाकं उघडली म्हणाला, आणि मग टेकली म्हणाला.

"टेकलं! चाकं टेकली! उतरलं!"

बाहेर टाळ्या वाजल्या. राधाबाईने चक्क देवापुढची साखर वाटली, अर्थात काकांचं दार सोडून. आणि मी त्या पाटावर बसून रागाने लाल झाले होते. मी सगळ्यांना हे सांगत होते की पाच माणसं, इंजिन बंद, काळोख, आणि खाली सगळी दुनिया दिवे लावून बसली आहे. एकेक हात खाली येताना मिनिटामिनिटाला जगाला सांगितलं जातंय, आता इथे आलं, आता तिथे आलं, आता टेकलं. आणि इथे अडीच लाख माणसं वीस महिने इंजिन बंद करून वर लटकली आहेत, तर कोणी एक पणती लावायला तयार नाही. कुठवर आलो, कधी टेकणार, टेकणार की आपटणार, एवढंसुद्धा सांगायला कोणी नाही. सरकार नाही, मालक नाहीत, आणि आमची म्हणून भाषणं करणारेही नाहीत. मी हे सगळं तेव्हा मोठ्याने बोलले. गॅलरीतले लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. काका ऐकत होते. ते म्हणाले, "साखर खा, पदू." त्यांच्या घरातली.

मी घरी आले तेव्हा बाबा कुठेतरी बघत बसले होते. "इंजिनाशिवाय," ते स्वतःशी म्हणाले. "म्हणजे मोटर नको. मोटरीन ता फॅनसारखा येतला. ह्या हातान सोडूक होया, दोराक धरून, हळूहळू." दोराला धरून हळूहळू सोडायला दोन माणसं लागतात. एक मंडपाच्या माथ्यावर, एक खाली पडद्यामागे, आणि एकाला दुसरा दिसत नाही.

मग त्यांनी हात मागे नेला आणि फळीवर एक ठोका दिला.

पलीकडे काकीच्या भांड्यांचा आवाज थांबला. मग तिकडून एक ठोका आला.

तात्यांनी अर्थातच थयथयाट केला. "तुळशीदास, बहिष्कार आहे!" बाबा म्हणाले, "मी तेच्याशी बोललंय? बोललेला दाखवा." तात्यांना ते दाखवता येईना आणि देखावा तर हवाच होता. शेवटी असं ठरलं की धर्माने पडद्यामागे राहायचं, मागच्या गल्लीने यायचं-जायचं, आणि कोणाच्या नजरेस पडायचं नाही. काकांनी पाळी बदलून घेतली आणि रोज संध्याकाळी मागच्या गल्लीने येऊ लागले.

आणि काय उतरायचं ते यान! बाबा वर बांबूवर बसलेले, काका खाली अंधारात. वरून एक ठोका, खालून दोन, आणि ते प्लायवुडचं धूड मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं तरंगत यायचं की मुलं डोळे मिटायला विसरायची. मी माइकवर निवेदन करायचे, रेडिओत ऐकलं होतं तसंच. लालबागपासून लोक बघायला यायचे. यान कोण उतरवतंय ते चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण असं दोघांनाच जमायचं. आणि एकानेही ते तोंडातून काढलं नाही. दिवसभर काकीची कळशी सरकवायची आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्याच्या हाताला टाळ्या वाजवायच्या, असं चाललं होतं.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजर सहकुटुंब आले. पुढे गादीच्या खुर्च्या. तात्यांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर म्हणाले की अशा उदार माणसांमुळे गिरणगाव टिकून आहे. संपावरचे गडी मागे उभे राहून बघत होते. माझे बाबा वर बांबूवर, काका पडद्यामागे काळोखात, आणि शाल त्या माणसाला. मग तात्यांनी माइक माझ्या हातात दिला.

मी निवेदन केलं. समुद्र, जाळ, काळोख, दिवे. यान निघालं. वरून एक ठोका, खालून दोन. चाकं टेकली. मी म्हणाले, "यान सुखरूप उतरलं आहे." आणि माइक तोंडापासून बाजूला न घेता पुढे म्हणाले, "आणि गिरणी कामगारांचा संप मिटला आहे."

आधीपासून काही ठरवलं नव्हतं. पण कोणीतरी जाहीर करायला हवं होतं ना? ज्यांचं काम होतं ते करत नव्हते, माइक माझ्या हातात होता, मी केलं.

पडद्यामागून काकांचा आवाज आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं. "तुळशी?" असं, विचारल्यासारखं. आणि त्याच वेळी बायकांच्या रांगेतून राधाबाई उठून उभी राहिली. तिचे दोन्ही हात छातीशी होते.

"खराच गो?" तिने मला विचारलं. "मिटलो? माझो शिवा येतलो मगे?"

तात्यांनी माइक हिसकावून घेतला. मॅनेजर हसले, लहान मुलाच्या बोबड्या बोलण्याला हसावं तसे. बाबा बांबूवरून खाली उतरत आले. पडदा बाजूला झाला होता आणि काका तिथे दोर हातात घेऊन उभे होते, बाबांच्या पाठीशी, हात लावता येईल इतक्या जवळ. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते राधाबाईपाशी गेले.

"नाय, राधाबाय," ते म्हणाले. "मिटाक नाय. आमच्या पदूक कोणीतरी खोटा सांगल्यान."

राधाबाई खाली बसली. काकांनी दोर गुंडाळला आणि मागच्या गल्लीने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला एवढंच म्हणाले, "आपण सांगून मिटत नाय तो." मला त्या प्रकाराची लाज वाटत नाही. राधाबाईचा चेहरा मला अजून आठवतो, पण तो चेहरा माझ्यामुळे तसा झाला असं मला कोणी सांगू नये. तिला त्या दिवशी एका पोरीने खोटं सांगितलं. पण तिला खरं सांगायला कोण आलं? त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. संप मागे घेतला असं कोणी जाहीर केलं नाही. तो मिटला नाही, मोडला नाही, संपला नाही. नुसता विसरला गेला. शिवा गावीच राहिला.

बाबांची आणि काकांची ती गिरणीही पुढे काही वर्षांनी एका सकाळी कुलूप लावून मोकळी झाली. ज्याने आत जायला वीस वर्षांची मैत्री पणाला लावली त्यालाही फाटकावरच्या कागदावरून कळलं. त्या गिरणीच्या जागेवर आता काचेचे मनोरे आहेत आणि त्यांच्या फाटकावर नाव सांगितल्याशिवाय आत सोडत नाहीत. मग बाबा फळीच्या या बाजूला आणि काका त्या बाजूला, दोघंही रिकाम्या हातांनी बसलेले. मी एकदा बाबांना म्हटलं, आता तरी बोला, आता तर तेही बाहेर आहेत. बाबा म्हणाले, "शब्द दिलेलो हा. जाहीर झाला काय बोलतलंय." सकाळी उठल्यावर ते फळीवर एक ठोका द्यायचे. तिकडून एक यायचा. तेवढाच त्यांचा दिवसभराचा संवाद. तोवर घराघरात टीव्ही आले होते. तात्यांनी ज्याच्यापायी देखावा मांडला त्या उपग्रहाने जगभरच्या बातम्या आमच्या खोलीत आणून टाकल्या, आणि बाबा रोज सातच्या बातम्या शेवटपर्यंत बघायचे. ते कशाची वाट बघायचे ते मला माहीत होतं.

शेवटच्या आजारात त्यांना दवाखान्यात जायचं नव्हतं. पलंगावरच होते, फळीकडे तोंड करून. दुपारची वेळ होती, आई पेज गाळत होती. श्वास लागला होता. तेव्हा पलीकडून एक ठोका आला. मग थोड्या वेळाने पुन्हा एक. काकांना श्वासाचा आवाज ऐकू जात असणार, फळी ती केवढी. धर, धर, असं ते सांगत होते. कितीतरी वेळ ते तसंच चाललं.

मग बाबांनी हात उचलला. मी धरायला गेले तर त्यांनी झटकला. बोटाचं पेर वाकवून त्यांनी फळीवर दोन ठोके दिले, नीट, मोजून.

पलीकडून पुन्हा काही आलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा काका आमच्या दाराबाहेर उभे होते, बारा वर्षांपूर्वी जिथे येऊन उभे राहिले होते तिथेच. "गेलो?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"मगे आता बोलूक हरकत नाय," ते म्हणाले, आणि उंबरा ओलांडून आत आले. पलंगाशी जमिनीवर बसले, बाबांचा हात हातात घेतला आणि बोलायला लागले. बंद पडलेल्या साच्यांबद्दल, वाडीतल्या फणसाबद्दल, त्या दुपारच्या रेडिओबद्दल. मधेच एकदा वाकून म्हणाले, "संप मिटलो रे, तुळशी." मी त्यांना अडवलं नाही. सांगायला दुसरं कोणी येणार नव्हतं.